खदानीवरचे दवबिंदू

भाद्रपदात ग्वाल्हेरला दिव्याखाली जेवायला बसू नये. मी पाहुण्यांना हे आधीच सांगते, तरी ते बसतातच, आणि मग वरणात हिरवे तुडतुडे पडतात. पाहुणे ताट सरकवतात. मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून बाहेरचा लावते, म्हणजे किडे तिकडे जातील आणि आम्ही अंधारात का होईना, नीट जेवू. पडावाच्या चौकातले हातगाडीवाले बल्बशेजारी कडुनिंबाची डहाळी बांधतात. बाड्यावरच्या बाजारात तर दुकानांच्या पाट्यांवर किड्यांचा थर बसलेला असतो आणि सकाळी दुकानदार तो झाडूने खाली ओढत असतात. पाऊस ओसरत आलेला, हवा चिकट, अंगावरचे कपडे अंगालाच डकवल्यासारखे. या दिवसांवर कुणी कविता करत नाही ते बरंच आहे.

पण हे किडे आले की मला खदान आठवते. आठवते हा शब्द सौम्य झाला. ती माझ्या मागेच लागते.

मी जन्मभर मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं. खरं सांगायचं तर मुलींना त्यात फारसा रस नसतो. मूळ, खोड, पान यांच्या तासाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर असतो. फक्त मांसाहारी वनस्पतींचा तास आला की मागच्या बाकावरच्यासुद्धा पुढे सरकतात. आमच्या प्रयोगशाळेत घटपर्णीचा एक घडा औषधी पाण्याच्या बरणीत ठेवलेला होता. रंग उडालेला, टोपण मोडकं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत बाकी सगळं चुकवणारी मुलगीसुद्धा ती बरणी बरोबर ओळखायची. घड्याची कड निसरडी असते, किडा मधाच्या लालचीने येतो, पाय सटकतो, आतल्या भिंतीवरून वर चढता येत नाही आणि खाली पाचक रस असतो. एवढं लिहिलं की पूर्ण गुण. त्यांना वाटायचं, असली झाडं दूर कुठेतरी, आसामच्या पलीकडे, जंगलातच असणार. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

आपल्या गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडाच्या खदानीच्या काठावर ती होती, आणि ती मला दाखवली माझ्या वहिनीने. तीही चुकून.

वहिनी कोकणातली. देवरुखजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन ती ग्वाल्हेरला आली, तेव्हा इथे उन्हाळ्यात भिंतीसुद्धा तापतात हे पाहून रडली होती म्हणे. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. इथल्या बहुतेक मराठी घरांत उभ्या महालक्ष्म्या असतात, मुखवट्यांच्या, शालू नेसवलेल्या; त्या घरांतल्या बायका आमच्या ताम्हणातले सात खडे पाहून दरवर्षी थोड्या हसतात. पण खडे आणणं सोपं नाही. पाणवठ्यावर जायचं, स्वच्छ खडे वेचायचे, आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. चुकून बोलणं होऊ नये म्हणून खडे आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची. ती चूळ थेट घराच्या उंबऱ्याशी टाकायची. वहिनीच्या माहेरी पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, घरामागेच होता. इथे पाणवठा शोधत शोधत दादाने तिला स्कूटरवर बसवून खदानीवर नेलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बँकेत होता, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीची त्याने चेष्टा केली नाही असं झालं नाही. एका वर्षी परतताना पडावाच्या चौकात हवालदाराने अडवलं. मागे बसलेल्या वहिनीचं हेल्मेट नव्हतं. हवालदार तिलाच विचारत राहिला आणि ती गाल फुगवून, मांडीवर ताम्हण धरून, समोर बघत राहिली. दादाने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं की साहेब, यांच्या तोंडात पाणी आहे आणि मांडीवर देवी आहे, आता काय तो दंड देवीला करा. हवालदाराने हात जोडून सोडून दिलं. ही गोष्ट दादा पुढे प्रत्येक लग्नात सांगायचा आणि प्रत्येक वेळी हवालदार थोडा जाडा व्हायचा.

तर एका वर्षी वहिनीला खडे नुसते ताम्हणात ठेवणं कोरडं वाटलं. म्हणून खदानीच्या दगडावरचा ओला शेवाळाचा एक तुकडा तिने अलगद उचलला आणि त्यावर खडे मांडून आणले. शेवाळात नाण्याएवढी लालसर फुलं होती, जमिनीला चिकटून बसलेली, प्रत्येक पाकळीवर दवाचे थेंब. दुपार झाली तरी दव वाळलेलं नव्हतं. आरती झाली, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला, आणि मी गौरीला हळदकुंकू वाहायला वाकले तेव्हा दिसलं की ती फुलं नाहीत, पानं आहेत, आणि दोन पानांवर चिलटं अडकली आहेत. एक अजून हलत होतं.

मी ओरडलेच. दवबिंदू, दवबिंदू, म्हणून. दादाला वाटलं मला चक्कर आली. मग मी सगळ्यांना खाली बसवून दाखवलं, दवबिंदू हे या किडे खाणाऱ्या झाडाचंच नाव, आणि हे दव नव्हे, डिंकासारखा चिकट रस आहे. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला एक थेंब. चिलट पाणी समजून बसतं आणि बसल्या जागी चिकटतं. दादा म्हणाला, "वा. आमच्या घरी गौर पण नॉनव्हेज निघाली." वहिनी हसू दाबता दाबता पाटावरच बसली. तिला वाईटही वाटलं असणार, कारण उत्तरपूजा झाल्याबरोबर ती स्वतः तो तुकडा परत खदानीवर ठेवून आली.

त्यानंतर मी दर पावसाळ्यात मुलींना घेऊन तिथे जाऊ लागले. खदानीच्या तळाशी हिरवं खोल पाणी, आणि वरच्या उतारावर दगडातून झिरपणारा ओलावा. तिथली माती म्हणजे दगडाचा भुगा, तिच्यात झाडाला खायला काही नाही. जे मातीत नाही ते दवबिंदू हवेतून मिळवतो. त्याला दात नाहीत, जबडा नाही. किडा चिकटला की आजूबाजूचे केस एकेक करून त्याच्यावर वाकतात, आणि आठवड्याभराने पान पुन्हा उघडतं तेव्हा वर फक्त एक पोकळ कवच असतं, ते वाऱ्याने उडून जातं. फूल मात्र उंच दांडीवर, पानांपासून दूर. ज्या माशीकडून परागांचं काम करून घ्यायचं तिला खायचं नाही, एवढा व्यवहार त्याला कळतो. त्याच ओलाव्यात जांभळी चिमुकली फुलंही असत. वहिनी म्हणाली, आमच्याकडे यांना सीतेची आसवं म्हणतात. मी तिला सांगितलं की ही आसवंसुद्धा शिकारी आहेत, यांच्या मुळांपाशी ओल्या मातीत डोळ्याला न दिसणाऱ्या पिशव्या असतात, दाराला किड्याचा धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट किडा आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत. वहिनी म्हणाली, ते बरं, लवकर सुटतो. मला तेव्हा त्या बोलण्यात काही विशेष वाटलं नाही.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेचं ते वर्ष आलं.

वैशाखात दादा गेला. वहिनी तेव्हा तापाने वरच्या खोलीत एकटी होती. मी दाराबाहेर डबा ठेवायची आणि जिन्यात उभी राहून तिने दार उघडल्याचा आवाज आला की खाली उतरायची. त्यांची मुलगी मनू बंगळुरात अडकलेली. दादा दवाखान्यात, आणि मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर निंबाखाली, माझ्यासारख्याच इतर लोकांबरोबर. दुपारी एक मनुष्य बाहेर आला, त्याने नाव विचारून घेतलं आणि म्हणाला, शांति से गए. त्याचे डोळे इतके लाल होते की मला त्याचीच दया आली. तेच वाक्य मी वहिनीला दाराबाहेरून सांगितलं. मनूला फोनवर सांगितलं. इंदूरला, पुण्याला सांगितलं. दादा शांतपणे गेला. ते वाक्य आमच्या घरात उदबत्तीसारखं फिरत राहिलं, आणि आम्हाला त्याचा आधार होता.

आषाढ आला, श्रावण आला. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हते. मनू घरी येऊन लॅपटॉपवर काम करत होती. वहिनी बरी झाली, स्वयंपाक करायला लागली, भाजीवाल्याशी भावही करायला लागली, पण ती आमच्यात नव्हती. फोडणी करता करता थांबायची आणि कान द्यायची. कशाला, ते कळायचं नाही. आणि पंखा लावू द्यायची नाही. भाद्रपदातला तो उकाडा, अंगाची काहिली, आणि खोलीत पंखा बंद. मनूने लावला की वहिनी उठून बाहेर जायची.

एका संध्याकाळी मनू माझ्याकडे आली. "आत्या, मम्मी रोज खदानीवर जाते. ई-रिक्शा करून. मी पूछलं तर म्हणते हवा खायला." मग म्हणाली, "वहाँ पानी है आत्या. गहरा पानी. मला डर लागतो."

मलाही तीच भीती वाटली. मनूने वडिलांना शेवटचं पाहिलंही नव्हतं, आणि आता तिला आईची राखण करायची होती. त्यासाठी लागणारे शब्दही तिला अर्धे या भाषेतले, अर्धे त्या भाषेतले सापडत होते. दुसऱ्या दिवशी मी वहिनीबरोबर गेले. मुलींसाठी नमुने बघायचे आहेत असं सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

ती पाण्याकडे गेली नाही. उतारावर, दवबिंदूंपाशी जाऊन बसली, नेहमीची जागा असावी तशी. ऊन तिरपं झालं होतं, प्रत्येक थेंबात एक ठिणगी. वहिनीने अंबाड्यातली पिन काढली आणि एका पानावरचं चिलट त्या पिनेने सोडवलं. फार हळू, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तसं. चिलट दगडावर आलं. पण अंगाला रस लागलेला, पंख पाठीला चिकटलेले. दोन पावलं चाललं आणि तिथेच आडवं झालं. तिच्या पायाशी अशी आणखीही पडली होती. म्हणजे ती रोज हेच करत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "हा मरतो तो कशानं? चावत तर नाही हे."

मी सांगितलं. जन्मभर सांगत आले तसंच. किड्याला नाक नसतं, अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो श्वास घेतो; रस त्या छिद्रांत जातो आणि तो गुदमरतो. लहान असला तर लवकर, मोठा असला की वेळ लागतो.

"आणि धडपडला तर?"

धडपडला तर आणखी केसांना स्पर्श होतो, मी म्हटलं, आणि ते भराभर वाकतात. तिने मान हलवली. तिला हे ठाऊक होतं. इतके दिवस ती हेच बघत बसली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ती किड्याविषयी विचारत नाहीये. मी घाईने तोंड उघडलं. वहिनी, दादा तर शांत... एवढंच म्हटलं असेन.

तिने पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. "वन्सं, तोंडात पाणी धरा," ती म्हणाली. "मी सांगेन तोवर टाकू नका."

मी चूळ भरली. दुसरं काय करणार होते. आणि वीस-पंचवीस वर्षं जिने खडे आणताना तोंड बंद ठेवलं होतं ती माझ्यासमोर बोलायला लागली.

त्या दुपारी दादाचा फोन तिला आला होता. त्याला बोलता येत नव्हतं. नुसता श्वास ऐकू येत होता, करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. वहिनी तापात, अंथरुणावर, फोन कानाशी. तिला काय बोलावं सुचेना, म्हणून ती म्हणायला लागली, अहो, श्वास घ्या. सोडा. परत घ्या. आणि दादा घेत होता. जन्मात बायकोचं न ऐकलेला माणूस, ती म्हणेल तसा घेत होता, सोडत होता. ती म्हणत राहिली. थकली तरी म्हणत राहिली, कारण ती थांबली की तिकडेही थांबायचं. मग एकदा ती घ्या म्हणाली आणि त्याने घेतला नाही. फोन चालूच होता. त्यातून दवाखान्याचा पंखा ऐकू येत होता, कितीतरी वेळ, कुणीतरी तो फोन उचलून बंद करेपर्यंत. त्यानंतर जिन्यात मी आले आणि दाराबाहेरून सांगितलं की दादा शांतपणे गेला.

"तुम्हाला सगळ्यांना तेवढाच आधार होता," वहिनी म्हणाली. "मनूला तर फारच. कसं काढून घेणार."

माझ्या तोंडातलं पाणी गरम झालं होतं. डोळ्यांतून वाहत होतं ते वेगळं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. कुणीतरी मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकावं.

मग तिने विचारलं. इतक्या महिन्यांनी, माझ्याकडे न बघता, पानाकडे बघत. "मी घ्या, घ्या म्हटलं म्हणून ते धडपडले ना, वन्सं? मी म्हणाले असते, पुरे आता, जा, तर ते लवकर सुटले असते. मी ह्यांचे हाल वाढवले."

मी पाणी दगडावर टाकलं. तोंड पुसलं. त्या क्षणी मी तिला काहीही सांगितलं असतं, पण जे सांगितलं ते खरं होतं, याचं मला आजही बरं वाटतं.

"वहिनी, मघाशी मी अर्धंच सांगितलं. या पानावर मेलेला किडा ठेवला ना, तरी ते मिटतं. मुलींना मी दरवर्षी करून दाखवते. नुसता मांसाचा कण ठेवला तरी मिटतं. न हलणाऱ्याला ते सोडत नाही. जो बसला तो बसला तेव्हाच अडकला. त्याच्या धडपडीनं त्यात काही फरक पडत नाही."

तिने पिन परत अंबाड्यात खोचली. मग म्हणाली, "मग धडपडायचं कशाला?"

याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही. मी म्हटलं, "कुणीतरी घ्या म्हणत होतं, म्हणून."

वहिनी तेव्हा रडली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, कोकणातल्या बायका रडतात तशी, नावं घेत. खदानीच्या भिंतींवरून तो आवाज परत येत होता. दूर बकऱ्या चारणारी एक बाई उठून उभी राहून बघायला लागली. मी तिला हाताने खूण केली की ठीक आहे, आणि ती पुन्हा बसली.

घरी आल्यावर तिने मनूलाही सांगितलं. मी तिथे थांबले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले तेव्हा दोघी सुजलेल्या डोळ्यांनी चहा पीत होत्या आणि पंखा अगदी हळू, एकवर, चालू होता. पुढच्या वर्षी गौरी आल्या. कुणीतरी सुचवलं की आता खडे मनूने आणावेत, कुमारिका आहे, चालतं. मनू म्हणाली, "मम्मीच आणेल. ज्यांना नाही चालणार, त्यांनी नका येऊ." सगळे आले. घावन-घाटलं खाऊन गेले.

म्हणजे वहिनीचं बरं चाललं आहे. बाड्यावरच्या भाजीवाल्याला ती पूर्वीसारखीच छळते. दादाच्या हवालदाराची गोष्ट आता ती सांगते आणि तिच्याही हवालदाराचं वजन वाढतंच आहे. मला मात्र काय झालं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. जे ओझं तिने माझ्यापाशी ठेवलं ते तिथेच राहिलं. ओलं लाकूड कापणाऱ्या त्या करवतीचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, तरी तो मला ओळखीचा आहे. गिरणीत दळण टाकून बसले की ऐकू येतो. बिर्लानगरकडे जाताना रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबवून बसले की येतो. मी तर त्या दुपारी फाटकाबाहेर निंबाखाली होते, आत जाऊ शकत नव्हते, आणि दादाने फोन मला केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं. तरी मला वाटतं की त्या सबंध दुपारी त्याच्यासाठी मी काहीच म्हटलं नाही.

परवा आम्ही दोघी खदानीवर गेलो होतो. गौरी यायच्या आहेत, वहिनीला पाणी कितपत स्वच्छ आहे ते बघायचं होतं. ती खाली खडे चाचपत होती आणि मी उतारावर बसले होते. माझ्यासमोरच्या पानावर एक चिलट येऊन बसलं. पाणी प्यायला आलं असेल. आधी एक पाय, मग दुसरा, मग अंग. शेजारचे लाल केस सावकाश त्याच्याकडे झुकायला लागले. मी पिन काढली नाही. त्याचा उपयोग नसतो हे मला माहीत आहे. चिलट थोडा वेळ स्वस्थ राहायचं, मग पुन्हा सगळ्या अंगानिशी हलायचं.

वहिनी केव्हा वर आली ते मला कळलं नाही. ती माझ्या मागे उभी होती, मी पुटपुटत होते ते तिने बहुतेक सगळं ऐकलं होतं, कारण तिने खाली बसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओला, गार हात.

"वन्सं," ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही."

माहीत आहे, मी म्हटलं. आणि ते हलायचं थांबेपर्यंत म्हणत राहिले, घे. सोड. परत घे.